शोधनिबंध आधी गावात वाचा

निवेदक इंग्रजीत वाचत होता आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका बाईंचा सत्कार होता. शाल झाली, नारळ झाला, आणि मग त्यांनी आजवर काय काय छापलं त्याचं वाचन सुरू झालं. एकेका शोधनिबंधाचं नाव लांबच लांब. नाव संपलं की टाळ्या. माझ्या शेजारची मुलगी तर निवेदक श्वास घ्यायला थांबला की लगेच टाळ्या वाजवायची. तिला वाटायचं संपलं.

मी सत्काराला गेले नव्हते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, आम्ही पत्रकं काढतो आणि वाटतो. त्या दिवशी मुलींच्या वसतिगृहातल्या जेवणाबद्दलचं पत्रक घेऊन मी मागच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपला की दारात उभं राहायचं, एवढाच बेत होता.

मग एका नावात मला ओळखीचे शब्द ऐकू आले. मी बारावीपर्यंत सायन्स केलंय, तेवढं इंग्रजी कळतं. लहान मुलं. विषाणूचा ताप. मेंदूची सूज. आणि पाठीच्या कण्यातून काढलेला द्रव, अकोल्याच्या परिसरातल्या मुलांचा.

आमच्याकडं त्याला द्रव म्हणत नाहीत. पाठीतलं पाणी म्हणतात. आणि पाठीतलं पाणी हे शब्द माझ्या आजोळच्या घरात कसे वापरले जातात, ते सांगितल्याशिवाय मी पुढं काय केलं ते कळणार नाही.

माझं आजोळ चांदूर बाजारच्या बाजूला. दोन मामा, एकाच आवारात दोन चुली. धाकट्या मामाची मुलगी, माझी मामेबहीण, चौथीत असताना तापानं फणफणली आणि बेशुद्ध पडायला लागली. धाकटा मामा तेव्हा संत्र्याचा ट्रक घेऊन परराज्यात गेला होता. मामी एकटी तिला घेऊन आधी तालुक्याला, मग अमरावतीला आणि तिथून अकोल्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूज्वर दिसतोय, नक्की करायला पाठीतलं पाणी काढावं लागेल, सही करा. मामीनं केली. उरलेलं पाणी संशोधनाला वापरू का, असंही विचारलं. त्यावरही केली.

पोरगी वाचली. पण डावा पाय ओढत चालायला लागली, आणि बोलताना शब्द सापडायला तिला वेळ लागायला लागला. आणि सगळ्या गावानं निकाल देऊन टाकला: पाठीतलं पाणी काढू दिलं म्हणून पोट्टीचा पाय गेला. कुणी काढू दिलं? हिनं.

हा निकाल पुढं आणणारे पहिले आमचे थोरले मामा. दुसरी माझी स्वतःची आई. आणि हे रागानं बोललं जायचं असं समजू नका. राग एक दिवस टिकतो. हे थट्टेनं बोललं जायचं, म्हणून वर्षानुवर्षं टिकलं. दारात पार्सल घेऊन पोरगा आला की थोरले मामा खाटेवरून ओरडायचे, “तिची सही घेऊ नको बाप्पा, महागात पडते!” सगळे हसायचे. मामी पार्सल जमिनीवर ठेवून आत जायची. घरात कुठल्याही गोष्टीत तिनं मत दिलं की उत्तर ठरलेलं: “तू नको सांगू, तुवं सांगनं पाह्यलं आमी अकोल्यात.” गावात कुणाचं लेकरू आजारी पडलं की बाया तिला ओसरीवरच थांबवायच्या. आणि धाकटा मामा? वाईट माणूस नाही. गप्प माणूस आहे. पण गप्प माणसाचं मत बोलणाऱ्याच्या बाजूनंच मोजलं जातं.

मामी लाजाळू वगैरे नव्हती. माझ्या लहानपणी तिच्याइतकी तोंडाळ बाई गावात नव्हती. सहीनंतर तिचं तोंड बंद झालं. तिला रात्रंदिवस एकच गोष्ट खायची: माझ्या सहीनं माझ्या पोरीचा पाय घेतला का? हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

आणि इथं, पंख्याखाली, शाल पांघरून, ज्यांना माहीत असेल अशा एक बाई बसल्या होत्या.

मी उभी राहिले. हात वगैरे वर केला नाही. म्हणाले, “मॅडम, ज्या पोरांचं पाणी घेऊन तुम्ही हे छापलं, त्यांच्या घरी कुणी जाऊन सांगितलं का त्यातून काय निघालं?”

निवेदक म्हणाला, “ताई, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत.”

“शेवटी कोण थांबतं? नाश्ता आहे बाहेर.”

लोक हसले. एक प्राध्यापक माझ्याकडं येऊ लागले. बाईंनी माईक ओढला. “बसवू नका त्यांना,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, “नाही. कुणाच्या घरी सांगितलं नाही. आम्ही ते जर्नलमध्ये सांगितलं.”

“कोणत्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“मग तुम्ही आपसांत बोललात.”

एवढं बोलून मी बसले. बाईंनी शाल घडी करून मांडीवर ठेवली, आणि पुढचं वाचन थांबवा म्हणून निवेदकाला हातानं खुणावलं.

त्या आठवड्यात आम्ही वसतिगृहाचं जेवण बाजूला ठेवलं आणि नवं पत्रक काढलं. मथळा मीच दिला: पाणी आमचं, पेपर यांचे, उत्तर कुणाचं? मागणी एकच. जे गावातून नेलं त्यातून काय निघालं ते गावात येऊन, गावाच्या बोलीत सांगा. मला आजही त्यातला एक शब्द मागं घ्यावासा वाटत नाही.

पत्रकाखाली माझा फोन नंबर होता. बाईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “तुमच्या पत्रकात दोन चुका आहेत.”

“कोणत्या?”

“मेंदूज्वर एकाच विषाणूनं होतो असं लिहिलंय. अनेकांनी होतो, आणि काही वेळा कुठल्या हे आम्हालाही सापडत नाही. दुसरी, मला मोठ्या शहरातली म्हटलंय. मी अकोल्याची आहे. जुन्या शहरातली.”

“आणि मागणी?”

“मागणी बरोबर आहे. कधी येऊ?”

सांगते, माझी पंचाईत झाली. भांडायची तयारी होती, हो म्हणण्याची नव्हती.

आमच्या गटाचा एक नियम आहे. कुठलंही पत्रक छापायच्या आधी आम्ही ते पिठाच्या गिरणीवर वाचतो. दळण टाकून बाया बसलेल्या असतात, त्यांना कुठं जायचं नसतं, आणि न पटलेलं वाक्य त्या गिळत नाहीत. गिरणीवर जे कळलं नाही ते छापायचं नाही. मी बाईंना म्हणाले, गावाच्या आधी गिरणी. त्या सरळ अकोल्याहून बसनं आल्या, आमच्या गल्लीतल्या गिरणीच्या बाकावर बसल्या, आणि पर्समधून कागद काढून सुरू झाल्या: “विषाणुजन्य संसर्गामुळे मेंदूला होणारा दाह…”

एका मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “काय बोलून राहिल्या ह्या?”

“मेंदूला सूज येते, मावशी,” मी म्हणाले.

“बाहेरून दिसते?”

“नाही.”

“मंग सूज कशी म्हनता? टेंगूळ आलं तं दिसते.”

बाई कागद ठेवून पुढं सरकल्या. “आत येते. कवटीच्या आत. तिथं फुगायला जागाच नाही.”

मावशीनं विचार केला. “झाकनाच्या डब्यात चने भिजू घातले अन् झाकन घट्ट लावलं. तसं?”

“तसं!” बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. त्याला वाटलं काही अडकलं.

“मंग चने कोन भिजवले? त्या जंतूनं?” दुसरीनं विचारलं.

आता बाईंची बोली बदलली. अकोल्याचं जुनं शहर कुठून तरी वर आलं. “जंतू येते. त्याले माराले आपल्याच आंगातली फौज येते. फौज जंतूले मारते, पन मारामारीत घरातली भांडी बी फोडते. अन् कधी कधी काय होते, जंतू मरून जाते, तरी फौज घरातून हालत नाही.”

“दंगा मिटला तरी बंदोबस्त उठत नाही, तसं,” गिरणीवाला म्हणाला.

“मी उभ्या आयुष्यात जे छापलं,” बाई म्हणाल्या, “ते सगळं त्या न उठलेल्या बंदोबस्ताबद्दल आहे. तो किती दिवस राहतो, लहान पोरांच्या मेंदूत काय मोडतो, आणि त्याला बाहेर कसं काढायचं.”

मी हे लिहून घेतलं. त्यानंतर आमचं भांडण झालं, आणि चांगलं कडाक्याचं झालं. मी गावासाठी पत्रकाचा मसुदा केला होता. त्यात वाक्य होतं: पाठीतलं पाणी काढल्यानं काहीही होत नाही! बाईंनी पेन मागितलं आणि ते खोडलं.

“हे खोटं आहे. डोकं दुखतं. काही दिवस पाठ दुखते. ज्याच्या मेंदूवर आधीच फार दाब आहे त्याचं आम्ही लगेच काढतही नाही. हे सगळं लिहा.”

“मग लोक घाबरतील.”

“लपवलं आणि नंतर कळलं, तर जास्त घाबरतील. आणि ते उद्गारचिन्ह काढा.”

उद्गारचिन्ह काढा! मी उद्गारचिन्हावर वाढलेय. पण काढलं. मग खरा प्रश्न विचारला. मामेबहिणीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, “त्या सहीनं तिचा पाय गेला का? हो की नाही?”

“त्या मुलीबद्दल मी सांगू शकत नाही. माझ्याकडं आलेल्या बाटलीवर नाव नसतं. तिचं पाणी माझ्याकडं आलं की नाही हेही मला माहीत नाही.”

“मग येता कशाला गावात?”

“सगळ्या मुलांबद्दल सांगू शकते. ते मोजून पाहिलंय. ज्यांचं पाणी काढलं आणि ज्यांच्या घरच्यांनी काढू दिलं नाही, दोन्हीकडं पाय लुळे पडलेली मुलं होती.”

“मामीला सगळ्या मुलांचं काय करायचं? तिला एकीचं हवंय.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मला राग आला. उभ्या गावासमोर ही बाई ‘माहीत नाही’ म्हणणार, आणि थोरल्या मामांना आयतंच मिळणार.

तरी रविवारी दुपारी आम्ही गेलो. बसमध्ये आई माझ्या शेजारी बसून पूर्ण रस्ताभर कुरकुरली. “तुह्या पत्रकानं आता माह्या माहेराचं नाक कापून घेतो मी.”

“नाक मामीचं कापलेलं आहे. इतकी वर्षं.”

“मी काही बोलली नाही तिले.”

“आई!”

“बोलली असन एकदा-दोनदा.”

शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली होती. अपेक्षेपेक्षा माणसं जास्त. शेजारच्या गावाहून दोन कुटुंबं आली होती, त्यांच्याकडंही असंच एक-एक लेकरू. थोरले मामा पहिल्या ओळीत खुर्चीवर. मामी शेवटी, खांबाला टेकून. मामेबहीण तिच्या शेजारी. ती आता मतदान करणारी बाई आहे, घरी शिलाई मशीन चालवते, आणि लोक तिची वाक्यं मधेच पुरी करतात याचा तिला भयंकर राग येतो.

बाईंनी तोंड उघडायच्या आधीच थोरले मामा उठले. “बाई, बाकी राहू द्या. एवढंच सांगा. पानी काढलं नसतं तं आमची पोट्टी धड चालली असती का नाही?”

“तुमच्या पोरीचं मले माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“पाह्य!” मामा लोकांकडं वळले. “पेपर छापले, शाल घेतली, अन् माहीत नाही.”

मामीनं मान खाली घातली. मला तिथल्या तिथं बाईंचा गळा धरावासा वाटला.

बाई मात्र शांत बसल्या आणि एकेक शोधनिबंध गावाच्या बोलीत सांगू लागल्या. झाकणाचे चणे सांगितले, बंदोबस्त सांगितला. मग म्हणाल्या, “एका औषधावर आम्ही खूप मेहनत घेतली. उंदरांवर करून पाह्यलं. वाटलं होतं सूज उतरन. नाही उतरली. तेही छापलं.”

मागून एक शेतकरी म्हणाला, “न जमलेलं पन छापता?”

“छापतो.”

“काहून?”

“दुसऱ्यानं तेच करून वर्षं वाया घालू नये म्हणून.”

तो शेजारच्याकडं वळला. “आयकलं? माह्या वावरात बोअर कोरडा गेला, तू बांधाला लागून तिथंच मारला. मी छापलं असतं तं वाचला असता तू.”

“तू छापलं नाही, उलटं म्हने पानी लागलं!”

वऱ्हांडा हसून हसून लोळला. थोरले मामाही हसले. आणि त्या हशानंतर लोक वेगळे बसले. पाय पसरून, ऐकायच्या तयारीनं.

मग बाई मूळ गोष्टीवर आल्या. “आता पायाचं. दवाखान्यातून प्रत्येक पोराच्या घरच्यांले विचारलं, पाय कधी गेला? उत्तरं मले नावाऐवजी नंबर टाकून आली. सगळे सांगत, पाठीतलं पानी काढल्यावर. अन् डॉक्टरनं पोरगं भरती होताना जे लिहून ठेवलं, त्यात दिसे की पाय आधीच ढिला हाय. दोन्ही जमेना. मले वाटे, लोक खोटं काहून बोलतात? डॉक्टर खोटा का? मंग एकदा मी भेटाच्या वेळेले वॉर्डात जाऊन उभी राह्यली.”

त्या थांबल्या. “काय पाह्यलं सांगू? जीपा. एकेका जीपमधून आत्या, काका, मोठी आई, शेजारी, सगळे डबे घेऊन उतरले. पोराले भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी. तवर पानी काढून झालेलं. पाठीवर पट्टी. पोरगं पडून. सगळ्या गोतावळ्यानं पोराले आजारात पह्यल्यांदा पाह्यलं ते पट्टी लावल्यावर. मंग घरी गेल्यावर तेच सांगतलं. तुमी कोनी खोटं बोलले नाही. तुमी उशिरा आले.”

तशाच एका जीपमध्ये मीही होते. आईच्या मांडीवर. आईच्या हातात पोळ्यांचा डबा होता आणि थोरल्या मामांनी थर्मास धरला होता. आजारी माणसाला भेटायला सगळ्यांनी मिळून जायचं, ही आमची माया. त्या मायेनंच मामीचा घात केला होता.

“आता तुमीच सांगा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरच्या पोरीजवळ पट्टीच्या आधी कोन होतं?”

सगळ्या माना मागं वळल्या.

मामी उभी राहिली. “मी होती.”

“काय पाह्यलं?”

“अमरावतीतच तिचा पाय उचलत नव्हता. खांद्यावर घेतली तं एक पाय पोटाले धरे, दुसरा नुसता लोंबे. मी सांगतलं होतं सगळ्याइले. कोनी आयकलं नाही.”

“तू तं म्हनशीनच,” थोरले मामा म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही. “आनखी कोनी पाह्यलं?”

“मी.”

ही मामेबहीण होती. ती भिंतीला धरून उठली. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. पुढच्या ओळीतली एक बाई मदतीला धावली, “पाय दुखत होता ना माय तुवा?”

“थांबा हो,” मी ओरडले. “तिला बोलू द्या.”

आम्ही थांबलो. गावाला थांबणं जड जातं, पण थांबलं.

“चप्पल,” ती म्हणाली. “डाव्या पायातली. राहत… राहत नव्हती. घरून निंघालो तवा. स्टँडवर जाताना.” मग तिनं थोरल्या मामांकडं बोट दाखवलं. “मोठे बाबा. तुमी… ओरडले माह्यावर.”

थोरल्या मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस काहीतरी आठवायला लागला की डोळे बारीक करतो. त्यांचे मोठे झाले. त्या सकाळी ते स्टँडपर्यंत पिशवी घेऊन सोबत गेले होते. काळीपिवळी टॅक्सीत बसवून परत फिरले होते. ते हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “पडून राह्यली होती चप्पल. नाल्याजवळ पडली. मी उचलली. पुन्हा देवळाजवळ पडली. मी म्हनलं, ढोरासारखी काहून चालते, नीट चाल. मंग पिशवीत टाकली चप्पल.”

“म्हंजे गावातच,” तो कोरड्या बोअरवाला शेतकरी म्हणाला. “अकोला तं दूरच राह्यलं.”

“म्हंजे गावातच,” मामा म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. परत उठले. आमचे थोरले मामा तोंडाचे वाईट आहेत, पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकावी: जे उघड्यावर बोलले ते उघड्यावरच मागं घेतलं. मामीकडं तोंड करून, मोठ्या दिराला भावजयीशी बोलताना असतो तो सगळा संकोच गिळून ते म्हणाले, “तुह्या सहीचा काही संबंध नाही. मी जे बोलत आलो ते चूक.”

मामी खांब सोडून पुढं आली. पदर कमरेला खोचला. “आनखी एकदा म्हना. मांगं आयकू नाही गेलं.”

आणि ते परत म्हणाले! मोठ्यानं! इथं उद्गारचिन्ह मी ठेवणार, बाईंनी कितीही खोडलं तरी.

माझी आई हळूच चहाकडं सरकत होती. मामीचं लक्ष होतं. “ननंदबाई, तुमी कुठं चालल्या?”

“चहाचं पाह्यतो.”

“चहा पाह्यतीन दुसरे. तुमी बोला.”

“मी पन बोलली होती,” आई जमिनीकडं बघत म्हणाली. “चुकलं माह्यं.”

“मले माहीत हाय. स्वयंपाकघरातून सगळं आयकू येते.”

मग ती मामाकडं वळली, आपल्या नवऱ्याकडं. तो कोपऱ्यात सतरंजीचा धागा ओढत होता. “अन् तुमी काहून गप्प बसले इतके वर्षं?”

“मले वाटलं, बोललो तं भांडन वाढन.”

“वाढू द्याचं होतं!”

सगळी इतक्या वर्षांची मामी त्या तीन शब्दांत परत आली. मी ओळखते ना तो आवाज. याच आवाजात ती आम्हा पोरांना विहिरीच्या काठावरून हाकलायची.

बाईंचं एक काम अजून राहिलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. असा मेंदूज्वर होऊन गेलेल्या पोरांच्या मेंदूत मोठेपणी ती जुनी सूज कितपत उरलीय, हे त्यांना तपासायचं होतं. आमच्या भागातून एकही घर तयार नव्हतं. थोरल्या मामांनी सवयीनं धाकट्या मामाकडं पाहिलं, धाकट्यानं मामीकडं.

“मले विचारा,” मामेबहीण म्हणाली. सगळे थांबले, कारण आता थांबायची सवय झाली होती. “माही सही… मीच करन. पन काय निघालं ते… आधी मले सांगाचं.”

“आधी इथं सांगाचं,” मामीनं दुरुस्ती केली. “याच वऱ्हांड्यात. मंग तुमच्या इंग्रजीत.”

बाई म्हणाल्या, चालेल. आमच्या पत्रकाची मागणी ‘छापल्यावर सांगा’ एवढीच होती. गावानं तिच्याही पुढची मिळवली. नंतर काय झालं ते सांगते: बाई शब्दाला जागल्या. पुढचा शोधनिबंध छापायला पाठवायच्या आधी त्या आल्या, वऱ्हांड्यात बसल्या, आणि बोअरवाल्यानं त्यांना भंडावून सोडलं.

पण जिंकल्याचं मला खरं कळलं ते आणखी पुढं, पावसाळ्यात. भातकुलीकडं सासर असलेली एक मुलगी माहेरपणाला आली होती. तिचा छोटा पोरगा तापला, झटके येऊ लागले. तिची आई गल्लीतून पळत आली ती थेट मामीच्या दारात. तीच बाई, जी एके काळी मामीला ओसरीवर थांबवायची. “चल वो माय, अकोल्याले. तुले माहीत हाय तिथलं.”

जीप थोरल्या मामांनीच आणली. मामी पुढं बसली, पोराला आणि त्याच्या आईला मधे घेतलं. दहा माणसं भेटीच्या तयारीनं मागं चढायला लागली, तर तिनं खाली उतरवलं. “गर्दी नाही पायजे. दोघं या, पन आत्ता या. उद्या डबा घेऊन नका येऊ.”

अकोल्यात पाठीतलं पाणी काढायची वेळ आली तेव्हा पोराच्या आईनं पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. मामीनं तिला सगळं सांगितलं. डोकं दुखेल, पाठ दुखेल, हेही. मग म्हणाली, “आता कर सही. मी हाय.”

मी हे सगळं पत्रकात घातलं आणि मसुदा बाईंना पाठवला. त्यांनी तो परिच्छेद पूर्ण खोडून परत पाठवला. एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, त्या म्हणाल्या. बरोबर आहे. पत्रकातून काढला.

हे पत्रक नाही. म्हणून इथं लिहिते. पोरगा घरी आला, आणि जीपमधून उतरून दारापर्यंत स्वतःच्या दोन पायांवर आला.